लुगडें, शेरवानी आणि बुरखा

मराठी कथा-कादंबऱ्यांतून मुसलमान मनुष्य आपणांस भेटतो तो बहुधा त्याच्या कपड्यांच्या रूपानें. त्याचें बोलणें कसें आहे, त्याचा धंदा कोणता, घरांत माणसें किती, हें कळण्यापूर्वींच त्याची टोपी, लुंगी आणि दाढी यांचें वर्णन येऊन जातें. स्त्री असली तर एक काळा बुरखा दाखविला कीं लेखकाचें काम संपलें! त्या बुरख्याच्या आंत कोण आहे, ती तरुण आहे कीं वृद्ध, अबोल आहे कीं फटकळ, याची चौकशी करण्याची गरज त्यास भासत नाहीं. ही संवय ऐतिहासिक कादंबरीनें लाविली आणि सामाजिक कथेनें ती निमूटपणें चालू ठेविली.

आमच्या मतें ही केवळ रेखाटनांतील उणीव नाहीं. ती वाचण्याची खोड आहे. वस्त्र एकाच वेळीं पुष्कळ गोष्टी सांगत असतें: नेसणारा पुरुष आहे कीं स्त्री, लग्न झालें आहे कीं नाहीं, घरची स्थिति कशी, धंदा कोणता, मुलूख कोणता आणि धर्म कोणता. यांपैकीं शेवटची गोष्ट तेवढी आपण मोठ्यानें वाचतों आणि बाकीच्या गाळून टाकतों. परिणाम असा होतो कीं, मुसलमान समाजांतील स्त्री-पुरुषभेद, श्रीमंती आणि गरिबी, मुलखाचा अभिमान व कारागिराची मिजास, हें सारें धर्माच्या एकाच खुंटीवर टांगलें जातें; आणि ज्या स्त्रीविषयीं आपण कळवळ्यानें बोलूं लागतों तीच आपल्या लिखाणांतून नाहींशी होते.

या विधानाची परीक्षा पाहण्यास नांदेड आणि लातूर यांच्याइतका योग्य मुलूख क्वचितच मिळेल. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यांत होता. लातूर तेव्हां उस्मानाबाद जिल्ह्यांत मोडत असे, त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ सालीं. कचेरींत उर्दू, बाजारांत मराठी आणि घरांत दखनी, अशा तीन भाषा येथील मुसलमानांच्या तोंडीं सहज नांदत. कंधारचा दर्गा आणि उदगीर व औसा येथील किल्ले पाहिले म्हणजे येथील इस्लाम कांहीं काल-परवांचा पाहुणा नव्हे, हें ध्यानांत येतें. सभोंवार कापसाची काळी जमीन, आणि नांदेडच्या तलम मलमलीचा एके काळीं लौकिक होता. वस्त्र जेथें पिकतें, विणलें जातें आणि नेसलेंही जातें, असा हा प्रदेश आहे.

येथील मुसलमानांच्या पोषाखासंबंधीं लेखी पुरावा शोधूं गेल्यास दोन जुनीं साधनें प्रथम हातीं लागतात. पहिलें ‘कानून-इ-इस्लाम’. दक्षिणेंतील जाफर शरीफ नांवाच्या गृहस्थानें लिहिलेल्या या ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर मद्रासकडील एक शस्त्रवैद्य हर्क्लॉट्स यांनीं १८३२ सालीं लंडन येथें प्रसिद्ध केलें. पुढें १९२१ मध्यें विल्यम क्रुक यांनीं त्याची नवी मांडणी केली. जन्मापासून मरणापर्यंतचे दक्षिणी मुसलमानांचे संस्कार त्यांत आहेत, आणि अखेरीस पुरुषांचे व स्त्रियांचे कपडे आणि स्त्रियांचे दागिने यांच्या लांबलचक याद्या दिल्या आहेत. लेखक स्वतः त्या समाजांतील असल्यामुळें नांवें अचूक आहेत, ही या ग्रंथाची मोठी जमेची बाजू. परंतु यादी ही शेवटीं यादीच. कोणता दागिना माहेरचा, कोणता सासरचा, कोणता अडचणीच्या वर्षीं सराफाकडे प्रथम जातो, याविषयीं ती मुकी असते. लेखक पुरुष, त्याच्याकडून लिहवून घेणारा साहेब पुरुष. दोघांनीं मिळून दागिने मोजले, पण ते अंगावर वागविणारीस विचारण्याचें कोणासही सुचलें नाहीं.

दुसरें साधन म्हणजे मुंबई इलाख्याचीं गॅझेटियरें. कॅम्पबेल साहेबांच्या देखरेखीखालीं तयार झालेल्या या मालेंत निजामाचा मुलूख अर्थातच येत नाहीं. पण मराठवाड्याच्या शिवेला लागून असलेल्या सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांचे खंड १८८४ सालचे आहेत. त्यांत अत्तार, बागवान, तांबोळी, मण्यार, मोमीन, पिंजारी अशा मुसलमान जमातींचें एकामागून एक वर्णन आहे, आणि तें वाचतांना एक गंमत दिसून येते. पुरुषाच्या पागोट्याचें व अंगरख्याचें वर्णन झालें कीं स्त्रियांविषयीं बहुतेक ठिकाणीं तेंच वाक्य येतें: त्या मराठी पद्धतीचें लुगडें व चोळी नेसतात. त्याला जोडून लगेच दुसरी माहिती येते: अमक्या जमातीच्या स्त्रिया चारचौघांत वावरतात आणि कुटुंबाच्या मिळकतींत भर घालतात, अमक्या जमातीच्या वावरत नाहींत आणि भरही घालीत नाहींत.

ग्रंथकाराला हीं दोन वाक्यें केवळ नोंदीदाखल लिहावयाचीं होतीं. परंतु त्यांची सांगड जेथें तेथें पडत जाते, आणि त्या सांगडींतच या प्रकरणाचें मर्म आहे. मोमिनाची बायको सूत उकलते, बागवानाची भाजी-फळें विकते, पिंजाऱ्याची कापूस निवडते. म्हणून ती लुगड्याचा पदर डोक्यावर घेऊन रस्त्यानें चालते. ज्या घरांत पुरुषाच्या एकट्याच्या मिळकतीवर भागतें तेथील स्त्री उंबरठ्याच्या आंत राहते. कुराण दोघींचें एकच, दर्गा एकच, मौलवीही एकच असण्याचा संभव. फरक आहे तो चुलीवर काय शिजतें याचा. आणि हा नियम मुसलमानांपुरताच होता असेंही नाहीं. देशमुखांच्या नि मोठ्या मराठा घराण्यांच्या वाड्यांतून गोषा पाळला जात असे, आणि त्याच गांवांतील कुणबीण उन्हातान्हांत निंदणी करीत असे, हें मराठवाड्यांतील वाचकांस सांगावयास नको. गोषा हें प्रथम ऐपतीचें लक्षण होतें. धर्मानें त्यास आधार दिला, पण शिधा पुरविला तो जमिनीनें आणि जहागिरीनें.

मग लुगडें-चोळी नेसलेली मुसलमान स्त्री शेजारणीहून ओळखावी कशी? कपाळावर कुंकू नाहीं, ही ढोबळ खूण. पण गळ्याकडे पाहिलें तर काळ्या मण्यांची पोत तेथेंही आहे. निजामी मुलखांत मुसलमान वधूच्या गळ्यांत काळ्या पोतीचा लच्छा असतो, आणि तो सौभाग्याचें चिन्ह म्हणून मानला जातो. अरबस्तानांत याचें मूळ शोधण्यांत अर्थ नाहीं. तें मंगळसूत्राच्या सख्ख्या नात्यांतलें आहे. बांगड्यांची गोष्ट याहून बोलकी. हिंदु सुवासिनीचें सौभाग्यलेणें असा ज्या कांचेच्या चुड्याचा आपण उल्लेख करतों, तो कासाराप्रमाणेंच मुसलमान मण्यारानेंही पिढ्यान्‌पिढ्या तिच्या हातांत भरला आहे. परपुरुषाचा स्पर्श निषिद्ध मानणाऱ्या घरांत हा एक पुरुष ओटीवर बसून सुनेचा हात हातीं घेतो, आणि सासूला त्यांत कांहीं वावगें वाटत नाहीं! मोमीन विणतो, रंगरेज रंगवितो, पिंजारी गादीचा कापूस पिंजतो, मण्यार चुडा भरतो. एका धर्माच्या स्त्रीचें स्त्रीपण दुसऱ्या धर्माच्या कारागिराच्या हातांतून सिद्ध होत आलें, ही वस्तुस्थिति ज्या साहित्यांत उतरली नाहीं त्या साहित्यास या मुलखाचें चित्रण साधलें असें म्हणवत नाहीं.

आतां पुरुषाच्या वस्त्राकडे वळूं. कारण इस्लाम आणि पोषाख असा विषय निघाला कीं चर्चा स्त्रीवरच घसरते, हाही एक पक्षपातच. वास्तविक इस्लामी आचारानें पुरुषाच्या अंगावर कमी बंधनें घातलेलीं नाहींत. सोनें आणि शुद्ध रेशीम हीं स्त्रीस मोकळीं, पुरुषास वर्ज्य. रेशमाचा तीन-चार बोटें काठ काय तो चालावयाचा. इजार घोट्याखालीं लोळूं नये. पुरुषानें स्त्रीसारखा व स्त्रीनें पुरुषासारखा वेष करूं नये. म्हणजे स्त्री-पुरुषभेदाची रेषा या शास्त्रानें जितकी पडद्यानें आंखली तितकीच रेशमानेंही आंखली. पण रेशमाचा मोह कोणास सुटला आहे? विणकरानें यावर जी तोड काढली तिचें नांव मशरू, म्हणजे शरीयतेस संमत असलेलें. ताणा रेशमाचा, बाणा सुताचा, आणि वीण अशी कीं रेशमी झळाळी लोकांना दिसावी व अंगाला सूत लागावें. औरंगाबादचा हिमरूही सूत आणि रेशीम यांच्या अशाच मैत्रींतून जन्मास आला, आणि त्याच्या शेरवान्या निजामी दरबारांत मिरविल्या. शास्त्र, हौस आणि कसब या तिघांचा तंटा मागावर मिटला.

याच्या शेजारीं आपला मुकटा किंवा पीतांबर ठेवून पाहावा. ब्राह्मण पुरुष देवपूजेस बसतांना सुती धोतर सोडतो आणि रेशमी सोवळें नेसतो. मुसलमान पुरुष नमाजास उभा राहतांना रेशीम टाळतो. धागा तोच, किडाही तोच. एकाच्या लेखीं तो पवित्र, दुसऱ्याच्या लेखीं तो स्त्रियांचा. यावरून एवढें स्पष्ट होतें कीं कापडाला स्वतःचा असा अर्थ नसतो. तो समाज देतो, आणि समाज बदलला कीं अर्थही बदलतो. मोगली चित्रांत जामा दोघांचाही एकच दिसतो. मुसलमानाचा बंद उजव्या काखेखालीं आणि हिंदूचा डाव्या काखेखालीं, एवढाच भेद. सबंध पोषाख समाईक आणि वेगळेपणासाठीं एक गांठ पुरेशी, अशी ती व्यवस्था होती. आपल्या भाषेनें तर ही गांठही ठेवली नाहीं. सदरा, पायजमा, रुमाल, चादर, अस्तर, खिसा, जामानिमा, इतकेंच काय पण ‘पोषाख’ हा शब्दही फारसी-अरबींतून आला आहे. कट्टर स्वधर्माभिमानी गृहस्थालाही अंगावरच्या कपड्याचें वर्णन करावयाचें तर हे शब्द टाळून फार दूर जातां येणार नाहीं.

शेरवानी आणि रूमी टोपी यांची कथा या दृष्टीनें विशेष उद्बोधक आहे. निजामी राज्यांत हा वेष धर्माचा नव्हता, पायरीचा होता. उस्मानिया विद्यापीठ १९१८ सालीं स्थापन झालें, तेथून पदवी घेऊन नांदेड-लातुरास परतलेला वकील किंवा अंमलदार, मग तो देशस्थ ब्राह्मण असो, कायस्थ असो वा सय्यद असो, शेरवानींतच वावरे. कारण ती कचेरीची आणि शिष्टाचाराची भाषा होती. रूमी टोपीचा प्रवास याहून चमत्कारिक. तुर्कस्तानच्या दुसऱ्या महमूद सुलतानानें १८२९ मध्यें पागोटीं बाजूस सारून ती सरकारी नोकरांच्या डोक्यावर चढविली, ती सुधारणा म्हणून. आणि तिलाच मागासलेपणाचें चिन्ह ठरवून केमाल पाशानें १९२५ सालीं कायद्यानें उतरविली. म्हणजे ती आपल्या मायदेशीं बंद झाली त्यानंतरही हैद्राबादेंत मानानें नांदत होती, आणि येथील हिंदु अंमलदारांच्या डोक्यावरही ती होती. मराठी लेखकानें तिला ‘मुसलमानी टोपी’ म्हणून टाकलें कीं ही सर्व कथा बुडते.

परंतु एक प्रसंग असा येतो कीं वस्त्राच्या अनेक अर्थांपैकीं एकच शिल्लक राहतो, आणि तो प्राणावर बेततो. १९४७-४८ मध्यें लातूरचा वकील कासिम रझवी याच्या नेतृत्वाखालीं रझाकारांनीं खेड्यापाड्यांतून जे अत्याचार केले त्यांच्या आठवणी मराठवाड्यांत अजून बुजलेल्या नाहींत. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या दिवसांत पोलिस कारवाई झाली, निजामाची सत्ता संपली, आणि मग दुसऱ्या बाजूचा सूड सुरू झाला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनें केलेल्या पाहणीच्या अहवालांत, पुष्कळ वर्षें तो दडून राहिला, उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड हे चार जिल्हे सर्वांत अधिक होरपळलेले म्हणून सांगितले आहेत. लातूर शहरांतील सुमारें दहा हजार मुसलमान वस्तीपैकीं समितीस जेमतेम तीन हजार आढळले. हजाराहून अधिक मारले गेले होते आणि बाकीचे जीव घेऊन पळाले होते. अशा दिवसांत टोपी पाहून वकील आणि कारकून वेगळे केले जात नाहींत, लुगड्याचा पोत पाहून मोमिनीण आणि जहागीरदारीण निवडली जात नाहीं. मारेकऱ्याला एकच अक्षर वाचतां येतें. कपड्यांतून केवळ धर्म वाचणें ही संवय निरुपद्रवी नाहीं असें आम्ही म्हणतों तें यासाठीं: कादंबरीकार जें आळसानें करतो तेंच दंगलखोर हेतूनें करतो, आणि पहिल्यानें तयार केलेली नजर दुसऱ्याच्या उपयोगी पडते.

राज्य गेलें तशी शेरवानी कचेरींतून गेली. आज ती पुनः अवतरली आहे, पण लग्नमंडपांत. आणि मराठी नवरदेव ती अंगावर चढवितांना आपण निजामाचा वारसा मिरवितों असें कोणाच्या मनांतही येत नाहीं. पुरुषाच्या वस्त्रास विसरण्याची ही सवलत समाज देतो. स्त्रीच्या वस्त्रास ती मिळत नाहीं, आणि येथें आपण बुरख्याशीं येऊन पोंचतों.

जुन्या काळचा पडदा म्हणजे बुरखा नव्हे, हें प्रथम लक्षांत घेतलें पाहिजे. तो भिंतीचा, चिकाचा, मेण्याचा आणि झांकलेल्या गाडीचा पडदा होता. वाडा ज्याचा मोठा त्याचा पडदा कडक. कष्टकरी स्त्रीस तो परवडत नसे, म्हणून तिचा पदर हाच तिचा पडदा. शिवलेला बुरखा ही या दोघींच्या मधल्या घरांची सोय आहे: वाडा नाहीं, मेणा नाहीं, पण अब्रूची कल्पना वाड्यांतील आहे आणि बाहेर पडणें तर प्राप्त आहे. आज नांदेडला विद्यापीठांत, किंवा परीक्षांच्या तयारीसाठीं प्रसिद्ध झालेल्या लातूरच्या शिकवण्यांत, जाणाऱ्या मुलींच्या घोळक्यांत काळे बुरखे दिसतात. त्यांच्या पणज्यांच्या काळीं गॅझेटियरांतील नियम असा होता कीं, बाहेर पडणारी स्त्री पडदा करीत नाहीं आणि पडदा करणारी बाहेर पडत नाहीं. आज बुरखा दिसतो तो बाहेर पडलेल्या मुलीच्याच अंगावर. पूर्वीं पडदा सांगत असे कीं हिला घर सोडण्याची गरज नाहीं. आतां बुरखा सांगतो कीं हिनें घर सोडलें आहे. कापडाचा अर्थ उलटा झाला, आणि आमच्या लेखकांच्या तें ध्यानींही आलें नाहीं.

यावरून बुरखा म्हणजेच स्वातंत्र्य, असा निष्कर्ष काढणें भाबडेपणाचें होईल. त्या कापडाखालीं श्रद्धा असेल, आईची धास्ती असेल, मोहल्ल्याची जीभ असेल, भावाचा हुकूम असेल, किंवा आंतील जुना कुडता झांकण्याची निव्वळ सोयही असेल. सक्ति असेल तेथें ती अन्यायच होय, आणि ती कोणी केली याला महत्त्व नाहीं. इराणांत रेझा शहाच्या पोलिसांनीं १९३६ नंतर स्त्रियांच्या डोक्यावरील चादरी ओढल्या. १९७९ च्या क्रांतीनंतर आलेल्या राजवटीनें त्या पुनः सक्तीनें घालावयास लाविल्या, आणि २०२२ सालीं त्या सक्तीपायीं अटक झालेल्या एका तरुणीच्या मृत्यूनंतर तेथें वणवा पेटला. दोन्ही वेळीं स्त्रीच्या डोक्यावर काय असावें हें पुरुषांनींच ठरविलें. लातूरच्या शिवेपलीकडे कर्नाटकांत विद्यार्थिनींच्या हिजाबाचा वाद झाला, तेव्हां १५ मार्च २०२२ रोजीं तेथील उच्च न्यायालयानें हा धर्माचा अत्यावश्यक भाग नव्हे असा निर्णय दिला, आणि १३ ऑक्टोबर रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचें त्यावर एकमत झालें नाहीं. वाद ज्या रीतीनें मांडला गेला त्यांत धर्माची आज्ञा काय, हा प्रश्न पुढें येणें न्यायालयांत अपरिहार्य असेल. साहित्यावर तशी सक्ति नाहीं. त्यानें त्या मुलीलाच विचारावें.

सुदैवानें मराठींत असें विचारणारे अगदींच झाले नाहींत असें नाहीं. हमीद दलवाई यांनीं १८ एप्रिल १९६६ रोजीं मुंबईस सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा नेला, तो तोंडी तलाक व बहुपत्नीत्व यांच्याविरुद्ध होता. त्या बायांच्या अंगावर काय आहे यापेक्षां त्यांच्या पायांखालीं काय आहे, हा त्यांचा प्रश्न होता. मेहरुन्निसा दलवाई यांच्या ‘मी भरून पावले आहे’ या आत्मकथनांत मुसलमान स्त्री वर्णनाचा विषय राहत नाहीं, ती स्वतः सांगूं लागते. लातूरचे कवि फ. म. शहाजिंदे आणि १९९० पासून भरूं लागलेलीं मुस्लिम मराठी साहित्य संमेलनें यांमुळें या मुलखाचा आवाज मराठींत आला. तरीही मुख्य प्रवाहांतील कथाकाराची लेखणी अजून टोपी आणि बुरख्यापाशीं अडखळते, हें कबूल केलें पाहिजे.

अशा लेखनाची परीक्षा कशी करावी, याविषयीं आमची कसोटी साधी आहे. पात्राच्या अंगावर लेखकानें एखादें वस्त्र घातलें तर तें कोणी विणलें, कोणाच्या पैशानें आलें, कोण धुतें, आणि नेसणारीनें तें निवडलें कीं तिला मिळालें, यांपैकीं निदान एका प्रश्नाचें उत्तर कथेंत असावें. उत्तर असेल तर वस्त्र माणसाचें झालें. नसेल तर माणूस वस्त्रापुरता उरला असें समजावें. आमच्या घरोघरच्या पेट्यांत आजीचीं जुनीं लुगडीं घडी करून ठेवलेलीं असतात. तें सूत कोणत्या पिंजाऱ्यानें पिंजलें आणि कोणत्या मोमिनानें विणलें हें आपणांस ठाऊक नसतें, पण त्या अनामिकांच्या हातांशिवाय आपल्या आजीचें रूपही आपल्या डोळ्यांपुढें उभें राहत नाहीं. त्या कारागिरांच्या लेकी-सुनांना मराठी साहित्यांत एकेक चेहरा मिळावा, एवढीच ही मागणी आहे. आणि ती फार मोठी नाहीं.